जुन्या विमानांचा वानप्रस्थ

गोंदिया स्टेशनाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसण्याचा प्रसंग ज्यांस वारंवार येतो त्यांच्या दृष्टीस एक चमत्कारिक मालगाडी केव्हां ना केव्हां पडली असेलच. दुरून पाहतां ती उतारूंची गाडी वाटते. डब्यांची लांबी, छपराचा गोलवा, चाकांची ठेवण, सारें ओळखीचें. जवळ आली म्हणजे कळतें कीं तिला खिडक्या नाहींत. एके काळीं त्या होत्या. आतां त्या जागीं पत्रे ठोकून त्या बुजविल्या आहेत, आणि रंगाखालून त्यांच्या चौकटी अजून दिसतात. वीस-पंचवीस वर्षें माणसें वाहून थकलेले हे डबे रेल्वेनें मोटारी वाहण्याच्या कामास लाविलेले असतात. बांकें काढून टाकावयाचीं, दारें-खिडक्या बंद करावयाच्या, डब्याच्या टोकास मोठा दरवाजा करावयाचा, म्हणजे मोटारी एका टोकानें आंत शिरून ओळीनें उभ्या राहतात. आमच्याबरोबरच्या एका लहान मुलीनें या गाडीस ‘आंधळी गाडी’ असें नांव दिलें, आणि तेव्हांपासून आम्हांसही दुसरें नांव सुचत नाहीं.

जमिनीवर रेल्वे जें करते तेंच आकाशांत विमानकंपन्या फार दिवसांपासून करीत आल्या आहेत. पंधरा-वीस वर्षें उतारूंची ने-आण केलेलें विमान विकावयाचें. घेणाऱ्यानें त्याच्या खुर्च्या काढून, खिडक्या बुजवून, कुशीस दार पाडून त्यांत माल भरावयाचा. आणि आणखी कित्येक वर्षें तें उडवावयाचें, असा हा व्यवहार आहे. आमच्या शास्त्रकारांनीं माणसाला चार आश्रम सांगितले आहेत. विमानाला बहुधा तीनच असतात. पहिला उतारूंच्या सरबराईंत जातो. दुसरा रात्रींच्या अंधारांत, पेटाऱ्यांच्या सोबतींत. तिसरा अमेरिकेंतील ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखांत, जेथें हवेंत ओल नसल्यामुळें धातूला गंज चढत नाहीं, तेथें उभें राहून एकेक अवयव दान करण्यांत संपतो. उपमा याहून अधिक ताणण्याची आमची इच्छा नाहीं. सांगावयाचें तें हें कीं, या वानप्रस्थाचा आपल्या देशांतील इतिहास लिहावयास बसलें तर नागपुराचें नांव तीनदां घ्यावें लागतें, आणि ज्या गोंदियांत बसून आम्ही हें लिहीत आहों त्या गांवाचेंही एकदां. तीन प्रसंगांपैकीं एक यशाचा आहे, दोन अपयशाचे. यश कां आलें व अपयश कां आलें याचा विचार आमच्या झाडीपट्टीनें अद्यापि नीट केलेला नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम, विमान म्हातारें होतें म्हणजे काय होतें, हें पाहिलें पाहिजे. माणसाचें वय वर्षांनीं मोजतात. विमानाचें वय मुख्यतः उड्डाणांनीं मोजतात. तीस हजार फुटांवरची हवा माणसास श्वासोच्छ्वासास पुरत नाहीं, म्हणून विमानाच्या पोटांत हवा दाबून भरावी लागते. विमान वर चढलें कीं त्याची काया किंचित् फुगते, खालीं आलें कीं पुन्हां आकसते. एकच तार वारंवार इकडे-तिकडे वांकविली तर ती जशी अखेरीस तुटते, तसा या फुगण्या-आकसण्याचा शीण पत्र्यास व रिव्हेटांस सांचत जातो. याचें भयंकर प्रत्यंतर २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांत आलें. अलोहा एअरलाइन्सचें एक बोइंग ७३७-२०० विमान चोवीस हजार फुटांवर असतां त्याच्या पुढल्या भागाचें छप्परच उडून गेलें. एक परिचारिका बाहेर फेंकली जाऊन मरण पावली. बाकीचे उतारू उघड्या आकाशाखालीं खुर्च्यांस बांधलेले असे कसेबसे माउई बेटावर उतरले. त्या विमानाचें वय अवघें एकोणीस वर्षें होतें, परंतु एका बेटावरून दुसऱ्या बेटावर अशा चिमुकल्या खेपा करून त्याचीं ८९,६८० उड्डाणें झालीं होतीं. उलट मुंबईहून लंडनास जाणारें विमान एवढ्याच वर्षांत याच्या चौथ्या हिश्श्याइतकेंही चढत-उतरत नाहीं. म्हणून जुनें विमान घेणारा शहाणा गिऱ्हाईक जन्मसाल नंतर विचारतो. उड्डाणें किती झालीं तें आधीं विचारतो.

आतां रूपांतर कसें करतात तें थोडें सविस्तर सांगतों, कारण यंत्रांची आवड असलेल्या मुलांना तें सांगतांना घरांत एक संध्याकाळ चांगली जाते, असा आमचा अनुभव आहे. आंतल्या खुर्च्या, स्वयंपाकाच्या पेट्या, सामानाचे कप्पे, शौचकूप, सर्व काढून विमान रिकाम्या नळकांड्यासारखें करतात. मग डाव्या कुशीवर, पंखाच्या पुढें, आराखडा आंखून पत्रा कापतात. बोइंग ७३७ च्या बाबतींत हें भगदाड सुमारें साडेतीन मीटर रुंद व दोन मीटरांहून कांहींसें अधिक उंच असतें. जेथें पत्रा कापला तेथें कायेचें बळ गेलें, म्हणून भोंवतालच्या बरगड्या दुप्पट जाड करून नवी चौकट बसवितात व वर उघडणारें दार लावितात. माणसांचें वजन जमिनीवर पसरलेलें असतें, मालाचें एका जागीं येतें. त्यामुळें जमिनीखालच्या आडव्या तुळया बदलाव्या किंवा मजबूत कराव्या लागतात. जमिनीवर लोखंडी गोळ्या व रूळ बसवितात, त्यामुळें टनावारी वजनाचा पेटारा दोन माणसें हातानें ढकलूं शकतात. खिडक्यांच्या कांचा काढून ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवितात.

यानंतर सर्वांत महत्त्वाचें काम वैमानिकांच्या पाठीमागें होतें. विमान कशावर आदळून थबकलें तर मागचा सारा माल पुढें धांवून येणार. तो अडविण्यासाठीं मालाच्या वजनाच्या नऊपट जोर सहन करील अशी भक्कम भिंत किंवा जाळें तेथें उभारावें लागतें. आगीची व्यवस्था तर विलक्षणच आहे. मालाच्या कोठडींत धूर दिसला तर वैमानिक तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवितात आणि कोठडींतील हवाच सोडून देतात. हवा नाहीं तर आगीला भक्ष्य काय? उतारू असते तर हा उपाय करतां आला नसता. हें सर्व काम होण्यास तीन-चार महिने लागतात, आणि इस्रायल, सिंगापूर, चीन, अमेरिका, जर्मनी अशा मोजक्या देशांत त्याचे मोठे कारखाने आहेत. हैदराबाद येथेंही बोइंग ७३७ विमानांचें असें रूपांतर करण्याचें २०२३ सालीं जाहीर झालें.

व्यापाराच्या दृष्टीनें यांत मख्खी काय? नवें विमान फार महाग, जुनें त्या मानानें स्वस्त. परंतु जुनें विमान तेल अधिक पितें व दुरुस्ती अधिक मागतें. उतारूंचें विमान कर्जाचें व्याज फेडण्यासाठीं दिवसाचे दहा-बारा तास हवेंत ठेवावें लागतें, तेथें जुन्याचा तेलखर्च जड होतो. मालाचें विमान मात्र बहुधा रात्रीं एखाददुसरी खेप करतें व दिवसभर उभें असतें. जें थोडेंच वापरावयाचें तें महाग घेऊन काय करावयाचें, असा हा सरळ गृहस्थी हिशेब आहे. शिवाय पेटाऱ्याला विमानाच्या वयाची लाज वाटत नाहीं, तो गडबडीचीही तक्रार करीत नाहीं. मात्र या हिशेबांत एक अट गृहीत धरलेली असते: एखाददुसरीच खेप कां होईना, ती भरून गेली पाहिजे, आणि येतांनाही अगदींच रिकामी येतां कामा नये. आमच्या पुढल्या कथेचा सारा मथितार्थ या अटींत आहे.

आपल्या देशांत विमानानें आधीं पत्रें वाहिलीं व माणसें मागून, ही गोष्ट आज पुष्कळांच्या लक्षांत नसते. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं. टपाल विमानानें जाण्याचा सरकारी पातळीवरील जगांतील तो पहिला प्रसंग मानतात. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस विमान आणलें, तेंही टपालाचेंच. म्हणजे मालवाहू होणें हा आपल्या विमानांचा वानप्रस्थ असला तरी त्यांचें बाळपणही त्यांतच गेलेलें आहे.

दुसरें महायुद्ध आलें आणि आकाश डकोटा विमानांनीं भरून गेलें. डग्लस कंपनीचें डीसी-३ हें विमान १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें तें उतारूंसाठीं. युद्धांत त्याचीच लष्करी आवृत्ति निघून दहा हजारांवर विमानें बांधलीं गेलीं. जमीन जाड, दार रुंद, अंगांत दोन यंत्रें, कसल्याही धावपट्टीवर उतरण्याची तयारी: आसामांतून हिमालयाच्या शेंड्यांवरून चीनला रसद नेण्याच्या कामीं याच जातीनें आपलीं हाडें झिजविलीं. त्याच काळांत, १९४० च्या सुमारास, इंग्रज सरकारनें गोंदियाजवळ बिरसी येथें एक धावपट्टी आंखली. युद्ध संपलें, अमेरिकन सैन्य परत गेलें, आणि शेंकडों डकोटा विमानें हिंदुस्थानांत पडून राहिलीं. तीं कवडीमोलानें विकलीं गेलीं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत त्यांतील पुष्कळांना खुर्च्या व खिडक्यांचे पडदे मिळाले, आणि नव्या नव्या विमानकंपन्या निघाल्या. आज उतारूंचें विमान मालाचें होतें. त्या वेळीं मालाचें विमान उतारूंचें झालें. एवढीं स्वस्त विमानें हातीं आलेलीं पाहून जो तो कंपनी काढूं लागला, आणि त्यांतील कित्येक चार-सहा वर्षांत बुडाल्या. स्वस्त विमान मिळालें म्हणजे धंदा मिळाला, असें मनाला वाटूं लागतें. तो भ्रम त्या काळापासूनचा आहे.

या गर्दींतून एक उत्तम गोष्ट निर्माण झाली ती नागपूरची रात्रींची टपालसेवा. जानेवारी १९४९ मध्यें ती सुरू झाली. रफी अहमद किडवाई हे त्या वेळीं दळणवळणखात्याचे मंत्री होते. कल्पना इतकी साधी कीं ऐकल्यावर ती आपल्यालाच कां सुचली नाहीं असें वाटावें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून रात्रीं एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारी विमानें नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र येत. दिव्यांच्या उजेडांत पिशव्यांची अदलाबदल होई. आणि पहाटेस प्रत्येक विमान आपल्या गांवीं परत पोंचे. संध्याकाळीं मुंबईच्या पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांटलें जाई. त्याच वर्षीं एप्रिलपासून देशांतील पत्रें जादा आकाराशिवाय विमानानें नेण्याची योजनाही आली. पिशव्यांबरोबर थोडे उतारूही कमी भाड्यांत घेत. ज्यांना दिवसाचें भाडें परवडत नसे असे पुष्कळ लोक पिशव्यांच्या शेजारीं बसून पहाटे घरीं पोंचले आहेत. सोनेगांवची ती मध्यरात्रींची चहाची खोली आठवणारे वृद्ध गृहस्थ नागपुरांत आम्हांस भेटलेले आहेत, आणि त्यांना चहाची चव आठवते, विमानाची जात आठवत नाहीं.

ही सेवा निर्धोक होती असें मात्र नव्हे. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्रीं मद्रासला जाणारें डकोटा विमान नागपुराहून उडतांच कोसळलें आणि विमानांतील चौदांपैकीं तेरा माणसें मृत्यु पावलीं. एकटा वैमानिक वांचला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सर्व कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण होऊन ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली होती. पुढें डकोटांच्या जागीं मोठीं विमानें आलीं, आणि सुमारें दोन तपें चालल्यावर सत्तरीच्या दशकांत ती बंद झाली. दिवसा उडणारीं वेगवान जेट विमानें आलीं होतीं, तेल महागलें होतें. तिचें काम झालें होतें.

येथें एक तुलना केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १७ एप्रिल १९७३ च्या रात्रीं अमेरिकेंत मेंफिस या गांवीं फेडरल एक्सप्रेस नांवाच्या कंपनीनें आपलें काम सुरू केलें. चौदा लहान जेट विमानें, मूळचीं धनिकांच्या प्रवासासाठीं बांधलेलीं, मोठें दार पाडून मालवाहू केलेलीं. पंचवीस शहरांचीं पुडकीं रात्रीं एका मध्यवर्ती गांवीं आणावयाचीं, तेथें निवडावयाचीं, व सकाळपर्यंत पोंचवावयाचीं. पहिल्या रात्रीं पुडकीं निघालीं १८६. ही युक्ति अमेरिकेंत व्यापारशास्त्राच्या पुस्तकांतून शिकवितात. आमच्या नागपुरानें ती चोवीस वर्षें आधीं केली होती, हें शिकविणारें पुस्तक कोणी लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु अभिमानानें फुगून जाण्याआधीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नागपूरच्या त्या विमानांना माल शोधावा लागला नाहीं. टपालखात्याच्या पिशव्या रोज संध्याकाळीं भरून तयार असत, चारी शहरांत, जातांनाही व येतांनाही. माल आधीं होता; विमान मागून आलें.

यानंतर तीस-पस्तीस वर्षें गेलीं. गोंदियाचे श्री. प्रफुल्ल पटेल हे मे २००४ पासून जानेवारी २०११ पर्यंत केंद्रांत नागरी विमानवाहतुकीचे मंत्री होते. बिरसीची पडून राहिलेली धावपट्टी याच काळांत लांब-रुंद झाली व तेथें वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था निघाली. याच काळांत, २००७ सालीं, इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया यांचें एकीकरण झालें. इंडियन एअरलाइन्सजवळ बोइंग ७३७-२०० जातीचीं जुनीं विमानें होतीं. त्यांतील कांहीं मालवाहू करून घेण्यांत आलीं, गति नांवाच्या माल पोंचविणाऱ्या कंपनीशीं करार झाला, आणि देशांतील मालाच्या विमानांचें केंद्र म्हणून नागपुराचें नांव पुन्हां पुढें आलें. यांतील एका विमानाची हकीकत शेवटीं सांगणार आहों. २००९ च्या अखेरीस दुसरा प्रयोग झाला. स्वस्त विमानप्रवासाचे आपल्याकडील आद्य प्रवर्तक कॅप्टन गोपीनाथ यांनीं डेक्कन ३६० ही मालाची विमानकंपनी काढली, पूर्वाश्रमींचीं उतारूंचीं एअरबस ए-३१० जातीचीं विमानें आणलीं, आणि मध्यवर्ती केंद्र केलें तें नागपूरच. रात्रीं सर्व शहरांचीं विमानें नागपुरास यावयाचीं, पेटारे अदलून परत जावयाचीं: आराखडा तंतोतंत १९४९ चा. २०११ सालीं ती कंपनी थांबली. एअर इंडियाचींही मालवाहू विमानें २०१२ च्या सुमारास उडेनाशीं झालीं.

हें कां झालें? आमच्याकडे अशा वेळीं दोन उत्तरें हमखास मिळतात. एक, मुंबईवाल्यांनीं विदर्भाचें होऊं दिलें नाहीं. दुसरें, सरकारी कारभारच तसा. दोन्हींत थोडें तथ्य असूं शकेल, परंतु डेक्कन ३६० ही सरकारी नव्हती, आणि मुंबईवाल्यांनीं तिला अडविल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. खरें कारण अधिक साधें व अधिक कठीण आहे असें आम्हांस वाटतें. जुलै २००८ मध्यें कच्च्या तेलाचा भाव पिंपास १४७ डॉलरांपर्यंत चढला होता, आणि ७३७-२०० चीं जुन्या घडणीचीं यंत्रें तेलाचीं खादाड. परंतु तेलाहून मोठी अडचण निराळीच होती. २००३ नंतर स्वस्त भाड्याच्या कंपन्यांनीं उतारूंच्या फेऱ्या भराभर वाढविल्या, आणि उतारूंच्या प्रत्येक विमानाच्या पोटाखालीं मालाची कोठडी असतेच. विमान तसेंही जाणारच असल्यामुळें त्या कोठडींतील जागा कंपनी कोणत्याही दरानें देऊं शकते. स्वतंत्र मालविमानाला सगळा खर्च मालाकडूनच काढावयाचा. त्याची टक्कर असल्या जागेशीं. शिवाय मुंबई-दिल्लीचा जो तांतडीचा माल तो सरळ मुंबई-दिल्ली जाऊं पाहतो. त्याला नागपुरास उतरवून पुन्हां चढविण्यानें वेळही जातो व तेलही. आणि ज्याला तांतडी नाहीं तो ट्रकानें तीन दिवसांत पोंचतो. नागपुरास शून्य मैलाचा खांब आहे, आणि तो पाहून देशाचा मध्य आपल्या अंगणांत आहे असें आम्हां सर्वांना लहानपणापासून वाटत आलें आहे. तो नकाशाचा मध्य आहे. मालाचा मध्य जेथें कारखाने, गोदामें व गिऱ्हाइकें असतील तेथें असतो, आणि तो खांब रोवून ठरविता येत नाहीं.

याच धंद्यांत टिकून राहिलेली कंपनीही आहे, आणि तिच्याकडे पाहिलें तर वरील म्हणण्यास आधार मिळतो. ब्लू डार्ट ही कंपनी १९८३ सालीं मुंबईंत निघाली. तेरा वर्षें तिनें दुसऱ्यांच्या विमानांतून पुडकीं पाठविलीं, गिऱ्हाइकें जोडलीं, आणि १९९६ सालीं स्वतःचीं मालवाहू विमानें उडविण्यास आरंभ केला. तींही बोइंग ७३७-२०० च होतीं! म्हणजे एअर इंडियास जें जुनें विमान जड झालें तेंच ब्लू डार्टला पोसूं शकलें. २००६ पासून तिनें त्याहून मोठीं ७५७ जातीचीं विमानें घेतलीं, तींही रूपांतर केलेलीं. दोष जुन्या विमानाचा नव्हता.

२०२० सालच्या महामारीनें तर या व्यवहारास विलक्षण तेजी आणली. जगांतील विमानी मालाचा सुमारें निम्मा हिस्सा उतारूंच्या विमानांच्या पोटाखालून जात असे. उतारू घरीं बसले, तीं विमानें उभीं राहिलीं, आणि तो हिस्सा एकाएकीं निराधार झाला. मालाचे दर कडाडले. जुनीं विमानें मालवाहू करून घेण्यासाठीं कारखान्यांपुढें रांगा लागल्या. आपल्याकडे इंडिगोनें २०२२ सालीं रूपांतरित ए-३२१ विमान आणलें. जानेवारी २०२३ पासून ॲमेझॉन कंपनीचा माल ७३७-८०० जातीच्या अशाच विमानांतून जाऊं लागला. एअर इंडियाचीं शेवटचीं ७४७ विमानें, ज्यांच्या पुढच्या कुबडांतील बैठकीची एका पिढीला केवढी अपूर्वाई होती, तीं अमेरिकेंतील कंपनीला विकलीं गेलीं. त्यांपैकीं एक एप्रिल २०२४ मध्यें मुंबईहून कायमचें उडालें तेव्हां वैमानिकानें पंख हालवून निरोप घेतला, आणि तें चित्र घरोघर पाहिलें गेलें. पुढें चढे दर बरेचसे खालीं आले; उतारूंचीं विमानें आपल्या पोटांतील कोठड्या घेऊन परत आलीं होतीं.

आतां गोंदियाकडे वळूं. बिरसीच्या धावपट्टीवरून १३ मार्च २०२२ रोजीं इंदूर व हैदराबाद या शहरांशीं जोडणारी उतारूंची पहिली नियमित सेवा सुरू झाली. ती कांहीं महिन्यांत थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीनें हैदराबादमार्गें तिरुपतीपर्यंत सेवा सुरू केली, आणि बालाजीच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींनीं तिचें चांगलें स्वागत केलें. या विमानतळाच्या विस्तारासाठीं बिरसीच्या कांहीं कुटुंबांना आपलीं घरें सोडावीं लागण्याचा प्रश्न आला, आणि त्यांच्या पुनर्वसनाची चर्चा वर्षानुवर्षें चालली. ज्या धावपट्टीसाठीं माणसांनीं घरें द्यावयाचीं तिच्यावर काय उतरणार, हा प्रश्न त्यामुळें आमच्या गांवीं केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं.

आमचे एक स्नेही तांदळाच्या गिरणीचे मालक आहेत. बिरसीस मालाचें विमान आलें पाहिजे, असें ते प्रत्येक भेटींत म्हणतात. गेल्या दिवाळींत फराळाच्या ताटावर आम्ही त्यांस विचारलें, ‘‘विमान आलें असें धरून चला. तुम्ही त्यांत काय घालाल?’’ त्यांनीं चिवड्याचा घांस तसाच हातांत धरून बराच वेळ विचार केला. तांदूळ जड व स्वस्त. तो मालगाडीचा धनी. विड्या व तेंदूपत्ता यांना घाई नाहीं. शेवटीं ते हंसून म्हणाले, ‘‘आधीं विमान तर येऊं द्या. माल काय, होईल.’’

आम्ही पुढें बोललों नाहीं, सणाचा दिवस होता. परंतु नवेगांवबांधच्या तलावांतील मासळी, जिल्ह्यांत पिकूं लागलेला भाजीपाला, गिरण्यांतून निघणारा सुवासिक तांदूळ यांपैकीं कोणता माल हैदराबादेच्या बाजारांत एका दिवसांत पोंचला तर त्याची किंमत दुप्पट होते, हें शोधावयास मालविमानाची मुळींच गरज नाहीं. हैदराबादेस जाणाऱ्या उतारूंच्या विमानाच्या कोठडींतही शे-दोनशें किलो वजन पाठवून पाहतां येतें. कोणी वर्षभर तसें पाठवून हिशेब मांडील तर बिरसीचें भवितव्य त्या वहींत, एखाद्या मंत्र्याच्या भाषणाहून, अधिक स्पष्ट दिसेल.

वर ज्या विमानाची हकीकत सांगण्याचें वचन दिलें तें व्हीटी-ईएचएच या नोंदीचें बोइंग ७३७-२००. तें १९८२ सालीं इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यांत आलें. १९९८ पासून अलायन्स एअरकडे उडालें. २००७ सालीं मालवाहू होऊन परतलें व टपालखात्याच्या कामीं लागलें. २०१२ सालीं कलकत्त्याच्या विमानतळावर त्याला कायमची विश्रांति मिळाली. त्यानंतर एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे गेली, आणि या घालमेलींत हें विमान आपल्या मालकीचें आहे ही गोष्टच कंपनी विसरली. विमानतळाच्या अधिकाऱ्यांनीं तें घेऊन जाण्याविषयीं विचारणा केली तेव्हां कागद तपासण्यांत आले. तेरा वर्षें उभें राहण्याचें भाडें सुमारें एक कोट रुपये झालें होतें. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्रेचाळीस वर्षांच्या या विमानाला एका लांब गाडीवर चढवून, पंख उतरवून, कलकत्त्याहून बंगळूरास सुमारें एकोणीसशें किलोमीटर सडकेनें नेण्यांत आलें. तेथें शिकाऊ यंत्रज्ञांनीं त्याचीं अंगें उघडून पाहावयाचीं आहेत. त्याच्या डाव्या कुशीला पाडलेलें दार त्यांना पहिल्याच दिवशीं दिसेल.